बहाणेवाल्या बाई

बाई फोनवर कधी बसून बोलल्या नाहीत. फोन वाजला की हातातलं काम खाली ठेवायच्या, उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि मगच रिसीव्हर उचलायच्या. बसलं की आवाजही बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या निवृत्त होईपर्यंत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. तिथे तर ऑपरेटर दिवसभर खुर्चीवरच असायच्या, असं मी एकदा त्यांना म्हटलं. "म्हणूनच सांगून राहिली ना तुले," त्या म्हणाल्या. "बसून बोलाचं तेवढं नोकरीत बोलली. आता नाई." वाद घालावा अशी ती जागा नव्हती, आणि त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या होत्या.

त्यांची संस्था सक्करदऱ्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका तिथे यायच्या. कोणाला वकील हवा असायचा, कोणाला चार दिवस राहायला जागा, कोणाला नुसतं कोणीतरी ऐकून घ्यायला. बाहेर पाटी नव्हती. जिन्याखाली बाईंनी काही रिकामे डबे ठेवून दिले होते. वर येणाऱ्या बाईने त्यातला एक उचलायचा, म्हणजे वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर दळण आणायला आले म्हणून सांगता येतं. पहिल्या दिवशी हे ठाऊक नसल्यामुळे मी मोकळ्या हातांनी वर गेलो, तर बाईंनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

मी एका आयटी कंपनीतली नोकरी सोडून घरी बसलो होतो. संस्थेला देणगीदारांकडून नवीन केस मॅनेजमेंट सिस्टीमसाठी मदत मिळाली होती आणि तो प्रकल्प पार पाडायला त्यांना माणूस हवा होता. सिस्टीम म्हणजे फार काही नाही. कोणती बाई कधी आली, काय म्हणाली, तिला कोण भेटलं, पुढे काय करायचं ठरलं, हे आजवर कार्डांवर लिहून कपाटात ठेवायचे, ते संगणकात ठेवायचं, आणि ज्याला जेवढं बघायची परवानगी तेवढंच त्याला दिसेल अशी सोय करायची. अशा प्रकल्पात जुन्या लोकांचा संगणकाला विरोध असतो, त्यांना गोडीगुलाबीने समजवावं लागतं, असं मी धरमपेठेतल्या घरून निघताना मनाशी घोकून आलो होतो. विरोध होता तो रेखाताईंचा. त्या मुख्य समुपदेशक आणि माझ्याच वयाच्या. बाईंना मात्र सिस्टीमचं वेडच लागलं. रोज सकाळी माझ्यासमोर सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा उघडून ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज काय नवीन करून राहिली तुही मशीन?" काही नवीन नसलं तर डबा लवकर बंद व्हायचा.

त्या संस्थेतली एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नवीन बाई आली की रेखाताई तिचं सगळं ऐकून घ्यायच्या. रडणं व्हायचं, चहा व्हायचा. मग शेवटी बाई आत येऊन समोर उभ्या राहायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. "तुह्या घरी फोन केला आणि दुसऱ्याच कोणी उचलला, तर मी कोण?"

हा बहाणा त्या बाईने आणि बाईंनी मिळून ठरवायचा. कोणासाठी बाई ब्लाऊज शिवणाऱ्या असत, कोणासाठी गॅस एजन्सीतल्या, कोणासाठी मुलाच्या शाळेतल्या खिचडीवाल्या, कोणासाठी खाप्याहून बोलणारी दूरची मावशी. ठरलेला बहाणा कार्डावर 'निरोप' या शब्दापुढे लिहिला जायचा. फोन करायची वेळ आली की बाई आधी कार्ड वाचायच्या, मग उभ्या राहायच्या. टेलरीण व्हायचं असलं की पेनाचं टोपण दातांत धरायच्या, कारण शिवणाऱ्या बाईच्या तोंडात टाचणी असतेच. गॅस एजन्सीसाठी गालात बडीशेप ठेवायच्या. मावशीसाठी काहीच नको, फक्त मोठ्याने बोलायचं. एकीशी ब्लाऊजच्या बाहीवरून भांडतानाही मी त्यांना ऐकलं आहे. पलीकडे तिची सासू होती. बाही लांब ठेवायची की आखूड यावर दोघींचं चांगलंच जुंपलं, आणि शेवटी सासूनेच सुनेला माप द्यायला पाठवून दिलं.

बहाण्यांबद्दल त्यांची मतं ठाम होती. बहाणा कंटाळवाणा पाहिजे. "मजेदार गोष्ट नवऱ्याच्या ध्यानात राहते," त्या म्हणायच्या. शिवाय त्यात कोणाचा फायदा नको. हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. पूर्वी एका नव्या कार्यकर्तीने उत्साहात एका बाईच्या घरी कळवलं की तुमच्या मिसेसना आमच्या दुकानाच्या सोडतीत मिक्सर लागलाय, घ्यायला पाठवा. बायको आली, काम झालं, घरी गेली. दुसऱ्या दिवशी नवरा तिला घेऊन शहरभर ते दुकान शोधत फिरला. शेवटी बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातला मिक्सर पुसून खोक्यात भरला आणि पाठवून दिला. पुढे कित्येक दिवस त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या आणि त्या कार्यकर्तीला रोज खाऊ घालत होत्या.

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीची माणसं पुण्यात होती. आठवड्यातून एकदा पडद्यावर त्यांची बैठक व्हायची. सिस्टीममध्ये 'निरोप' भरायला एक खिडकी हवी हे ऐकून तिथला इंजिनियर म्हणाला, सात-आठ ठरलेले पर्याय देऊ, त्यातला एक निवडायचा, म्हणजे अहवाल काढायला सोपं जाईल. बाई माझ्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. "त्याले विचार," त्या मला म्हणाल्या, "दोन नवरे एकाच पानठेल्यावर बसत असले तर? एक म्हणन माह्या बायकोले टेलरीणचा फोन येते, दुसरा म्हणन माह्याही बायकोले येते. मग?" मी हे जमेल तसं पुणेरी मराठीत सांगितलं. इंजिनियर म्हणाला, मोकळी जागाच ठेवतो. सबंध प्रकल्पात एवढं स्पष्ट कारण त्याला कोणी दिलं नसावं.

पॅकेजमध्ये एक सोय आपोआप आली होती. भेटीची वेळ ठरली की सिस्टीम त्या बाईच्या मोबाइलवर स्वतःच आठवणीचा मेसेज पाठवायची. रेखाताईंना ही सोय मुळीच नको होती. बाईंनी मजकुरातून संस्थेचं नाव काढायला लावलं आणि मग मात्र ती कधी चालू होते याची त्या लहान पोरासारखी वाट बघू लागल्या. कार्डं संगणकात भरायचं काम कंपनीच्या माणसांनी केलं होतं. ते पूर्ण झालं त्या दिवशी मी एक खोटं नाव टाकून माझ्याच मोबाइलवर मेसेज पाठवून दाखवला.

"खोट्याचं काय पाहू?" बाई म्हणाल्या. "बाहेर सुनंदा बसली हाय. तिले पाठव. वाजलेलं ऐकू येईन."

सुनंदा हे तिचं खरं नाव नाही. ती वर्षभर यायची, माहेर खाप्याचं, नवरा हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्याने एकदा तिचं मनगट मोडलं होतं. तिचं सगळं ठरलेलं होतं. मुलगी बारावीला होती, तिची परीक्षा झाली की दोघी निघणार. तोवर घरात शब्दही जाता कामा नये, कारण तो चिडला की एकच धमकी द्यायचा, पोरीचं कॉलेज बंद करीन आणि तिचं लग्न लावून देईन. धमकी पोकळ नव्हती, त्याने एक स्थळ बघूनही ठेवलं होतं.

सुनंदा बाहेरच्या बाकावर मोबाइल मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी तिला दारातून सांगितलं, "तुह्या फोनवर मेसेज येईन आता, पाह्य." मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, संदेश पोचला.

बाहेर काही वाजलं नाही.

"आला का वं?" बाईंनी विचारलं. "नाई बाई," सुनंदा म्हणाली.

मी पडद्यावरचा नंबर वाचला. सुनंदा म्हणाली, हा तर आमच्या यांचा. रेखाताईंनी कपाटातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. तेव्हा सगळं लक्षात आलं. संस्थेची आणखी एक रीत होती. कार्डावर सगळ्यात वर, लाल शाईने, नवऱ्याचा नंबर लिहायचा. वर आणि लाल यासाठी, की चुकून कोणी लावू नये आणि तिकडून फोन आला तर ओळखता यावा. बाईचा स्वतःचा नंबर त्याच्या खाली, निळा. कंपनीच्या माणसांनी पहिला नंबर पहिल्या खिडकीत भरला होता, दुसरा दुसऱ्या. संगणकात लाल शाई नव्हती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण लाल म्हणजे लाल, यात सांगण्यासारखं काही आहे असं तिथे कोणाला वाटलंच नव्हतं. सगळ्याच बायकांच्या बाबतीत हे झालं होतं. मेसेज तेवढा एकच गेला होता.

मजकूर असा होता: सुनंदाताई, आपली पुढील भेट बुधवारी सकाळी अकरा वाजता. कागदपत्रे सोबत आणावीत.

सुनंदा रडली नाही. नुसती म्हणाली, "आता ते विचारतीन कोणते कागद. काय सांगू मी?" तिच्या हातातला मोबाइल वाजू लागला. तोच होता. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि वाजून वाजून बंद होऊ दिला.

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग संस्थेच्या फोनवरून त्यांनी लाल नंबर लावला. त्यांच्या तोंडात काही नव्हतं. आवाज मात्र असा काढला की दुपारच्या जेवणानंतर सरकारी खुर्चीत बसलेली बाई डोळ्यांपुढे यावी.

"हां, सुनंदाबाईंचे मिस्टर का? मेसेज मिळाला? बारावीच्या पालकांचं मार्गदर्शन शिबिर हाय. पोरीचं नाव कॉलेजच्या यादीत हाय. मार्कशीट, दाखला, जे असन ते आणाचं. आईचं नाव दिलं होतं कोणी, म्हणून त्यांच्या नावानं गेला. नंबर तुमचाच होता. नाई नाई, फुकट हाय. तुम्ही पण या ना, वडील आले तर चांगलंच हाय."

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. पुरुषाला आग्रहाने बोलावलं की तो हमखास येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो आजवर चुकला नव्हता. त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"येतो म्हणते," त्या म्हणाल्या.

खोटं बोलून झालं होतं. आता ते खरं करायचं होतं, आणि बुधवार दूर नव्हता. बाईंनी ओळखीच्या बुद्धविहाराच्या समितीकडून तिथला तळमजल्यावरचा हॉल मागितला. एकट्या सुनंदाच्या नवऱ्यासाठी शिबिर भरवता येत नाही, तेव्हा खरेच बारावीचे पालक जमवायला हवे होते. बाई आणि रेखाताई दोन दिवस आसपासच्या गल्ल्यांतून फिरल्या. शिबिरात बोलायला तज्ज्ञ लागतो. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. "तू इंजिनियर हायस ना? मग काहून घाबरतं? तिथं कोणाले कळते?" मी आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी इस्त्रीचा शर्ट घातला तो त्या खोट्या शिबिरासाठी. त्याआधी सगळ्या कोर्सांची माहिती रात्रंदिवस वाचून काढली. नोकरीतसुद्धा कोणत्या सादरीकरणाची मी इतकी तयारी केली नव्हती.

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, लोक सतरंजीवर बसले. सुनंदा, तिची मुलगी आणि तो, तिघं पहिल्या रांगेत. मी मनात त्याची काय काय चित्रं रंगवली होती. प्रत्यक्षात तो नीट भांग पाडलेला, अंगाने किरकोळ माणूस निघाला. मी बोलत असताना तो मुलीच्या वहीत लिहून घेत होता. प्रश्नही त्यानेच सगळ्यांत जास्त विचारले. नर्सिंगला कोणते मार्क धरतात, हॉस्टेल सुरक्षित असतं का, पोरगी एकटी राहू शकेल का. मुलगी त्याला प्रश्न सुचवत होती. सुनंदा दोघांच्या मधे, मोडून जोडलेला हात पदराखाली घेऊन, समोर बघत बसली होती. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या प्रश्नांना मी मनापासून उत्तरं देत होतो. हे दोन्ही एकाच वेळी कसं होत होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

शेवटी बाई उठल्या आणि त्याच सरकारी आवाजात म्हणाल्या, की प्रवेश परीक्षेची तयारी दर बुधवारी चालू राहील, आया सोबत आल्या तर मुलींचं लक्ष लागतं, वडिलांनी आणून सोडलं तर फारच बरं. तेव्हापासून दर बुधवारी तोच दोघींना स्कूटरवर आणून सोडू लागला. रेखाताई मुलींना शिकवायला एक मास्तरीण घेऊन आल्या. इतर पालकांच्या मुलीही येतच राहिल्या. शिबिर बंद करायला कोणाला कारण सापडेना, ते बहुधा अजून चालू असेल.

इकडे सिस्टीममध्ये आम्ही एक वेगळी खिडकी केली. 'या नंबरवर नाही.' ती लालच हवी, आणि भडक लाल, असा बाईंचा हट्ट होता. पुण्याच्या इंजिनियरने पाठवलेला लाल त्यांनी चारदा परत केला. मेसेजची सोय कायमची बंद केली. रेखाताईंनी मग कुरकूर न करता संगणकावर काम सुरू केलं. त्या दिवसाबद्दल त्या बाईंना एक शब्द बोलल्या नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. फक्त रोज सकाळी 'आज काय नवीन' हे विचारणं त्यांनी बंद केलं, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

मुलीची परीक्षा झाली, निकाल लागला. एका बुधवारी त्याने दोघींना हॉलशी सोडलं आणि तो दुकानात गेला. त्या मागच्या दाराने निघाल्या. कुठे गेल्या ते मला माहीत नाही. सिस्टीममधल्या नव्या पत्त्याच्या खिडकीला मला प्रवेश नव्हता. तशी सोय मीच केली होती.

संध्याकाळी संस्थेचा फोन वाजला. त्याच्याकडे शिबिराच्या बाईंचा म्हणून तोच नंबर होता. शिबिर संपलं, आम्हाला काही माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बहाणा अगदी तयार होता. बाईंनी त्याला पत्ता सांगितला. रेखाताई भडकल्याच. कोणत्याही नवऱ्याला पत्ता द्यायचा नाही, हा नियम बाईंनीच घातलेला. "त्याले बोलावलं मीनं होतं," बाई म्हणाल्या. "आता दार लावून बसणं बरं नाई दिसत." खालच्या गिरणीवाल्याला त्यांनी वर येऊन बसायला सांगितलं, तेवढी काळजी घेतली.

तो आला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, ही संस्था काय करते ते सांगितलं. आवाज त्यांचा नेहमीचा, थोडा घोगरा.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलल्या," तो म्हणाला.

"हो."

"कुठं हायेत त्या?"

"ते नाई सांगत."

तो ओरडेल म्हणून गिरणीवाला अर्धवट उठला होता. तो ओरडला नाही. बाकावर बसला. रेखाताईंनी पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. मग विचारलं, "पोरीची ॲडमिशन झाली का?"

"झाली," बाई म्हणाल्या. "नर्सिंगले."

तो उठला आणि जिना उतरून गेला. त्याने जे केलं होतं ते त्या एका प्रश्नाने पुसलं जात नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी खिडकीतून त्याची स्कूटर वळेपर्यंत बघत राहिलो. बाई मात्र लगेच कामाला लागल्या.

माझं काम संपत आलं होतं. हस्तांतराची कागदपत्रं करायला मी शेवटचे काही दिवस जात होतो. अशाच एका दुपारी फोन वाजला, नंबर अनोळखी. बाईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि उचलला. "हां, बोला. ब्लाऊज कोणाचं हाय?"

जुना फोन, पलीकडचं सगळ्या खोलीला ऐकू यायचं.

"बाई, मी सुनंदा. हा नंबर माहाच हाय, नवीन घेतला. इथं दुसरं कोणी उचलत नाई. सरळ बोला आता."

बाईंनी टोपण तोंडातून काढलं. त्यांनी रेखाताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पलीकडून सुनंदा दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. इतक्या घरांत इतक्या आवाजांत बोललेल्या त्या बाईंना काय बोलावं ते सुचेना. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"जेवली का वं?" शेवटी त्यांनी विचारलं.